एसएसडीचा वेग कसा मोजावा आणि आलेला आकडा कसा वाचावा

जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवणं आता आपल्याकडे तालुक्याच्या गावातही रोजचं काम झालं आहे. सेतू केंद्र, कृषी सेवा केंद्र, जिनिंगचा वजनकाटा, शाळेची संगणक खोली, फोटो स्टुडिओ, सगळीकडे तेच. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं आणि माणूस खूश होतो. मग कुणीतरी वेग मोजायचा प्रोग्राम चालवून पाहतो आणि दुकानात येतो: "भाऊ, डब्ब्यावर तं पाचशे लिवलं हाये, आमच्या मशीनवर दोनशे सत्तरच काहून दाखवते? डुप्लिकेट तं नाही दिली ना?"

बहुतेक वेळा एसएसडी खरीच असते आणि आकडाही खराच असतो. वेग अडतो तो मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा मे महिन्याच्या उन्हात. नीट मोजलं तर कुठं अडतो तेही कळतं. हे न कळल्यामुळे चांगली एसएसडी परत केली जाते, नाहीतर जुन्या मशीनसाठी उगाच महागडी घेतली जाते. शेतमालाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार मला खटकतात. म्हणून मोजायचं कसं, याइतकंच आलेले आकडे वाचायचे कसे यावर या लेखात भर दिला आहे.

काय काय लागेल

विंडोजच्या मशीनसाठी क्रिस्टलडिस्कमार्क आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे दोन मोफत प्रोग्राम पुरेसे आहेत. दोन्ही एकाच जपानी विकासकाचे आहेत. पहिला वेग मोजतो, दुसरा एसएसडीची तब्येत आणि जोडणी दाखवतो. क्रिस्टलडिस्कमार्क आतून मायक्रोसॉफ्टचंच डिस्कस्पीड हे मोजमापाचं साधन वापरतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. दोन्ही प्रोग्राम क्रिस्टलमार्क डॉट इन्फो या मूळ साइटवरूनच घ्या. गुगलवर शोधलं की हिरव्या रंगाचं मोठं 'डाउनलोड' बटण दाखवणाऱ्या भलत्याच साइट वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. साध्या आवृत्तीची साइज अगदी लहान आहे, मोबाइलच्या नेटवरही पटकन उतरते. इन्स्टॉल न करता चालणारी झिप फाइल घेऊन पेनड्राइव्हमध्ये ठेवली, की कुणाच्याही मशीनवर नेऊन चालवता येते.

यांच्या जोडीला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम घेऊन ठेवा. खोटी क्षमता पकडायला आणि लांब लेखनाची चाचणी घ्यायला तो लागेल. आणि एक वही हवीच. तिचं काम शेवटी सांगतो.

मोजण्याआधी

पहिली गोष्ट बॅकअप. चाचणी आपली वेगळी फाइल बनवते आणि काम झालं की पुसते, तुमच्या फाइलींना हात लावत नाही. पण चाचणी चालू असताना लाइट गेली तर गोष्ट वेगळी. घरगुती एसएसडीमध्ये अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरती वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर बहुधा नसतात. कोणता डेटा कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा त्याच क्षणी लिहिला जात असेल, तर तो बिघडू शकतो. म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर भरलेली बॅटरी आणि चार्जर दोन्ही लावूनच मोजा. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी मोजूच नका.

लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर असला की वीज वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे आकडाही खोटा येतो. पॉवर सेटिंगमध्ये 'हाय परफॉर्मन्स' किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा. मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा. विंडोज सुरुवातीला अपडेट शोधत असते, अँटिव्हायरस फाइली तपासत असतो. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून डिस्कचा वापर शून्य-एक टक्क्यावर बसला की मग सुरू करा. टॅली, ब्राउझर, गुगल ड्राइव्ह, सगळं बंद हवं.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि चार गोष्टी टिपून घ्या: तब्येतीचे टक्के, तापमान, आतापर्यंत झालेलं एकूण लेखन आणि 'ट्रान्सफर मोड'. शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. तिथं मध्ये उभी रेघ देऊन दोन नावं दिसतात, उदाहरणार्थ 'सॅटा ३०० | सॅटा ६००' (सॅटा ही डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची पद्धत, आकडा मोठा तितकी जोडणी वेगवान). डावीकडचं नाव सध्या कोणत्या वेगाने जोडणी झाली आहे ते सांगतं, उजवीकडचं एसएसडीची ताकद सांगतं. दोन्ही सारखी नसतील तर वेग मोजण्याआधीच अर्धं उत्तर मिळालं.

ट्रिम चालू आहे ना तेही एकदा बघा. स्टार्ट मेनूत 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' शोधा. तिथं तुमच्या ड्राइव्हपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं हवं आणि शेवटचं ऑप्टिमायझेशन फार जुनं नको. कोणते कप्पे रिकामे झाले हे ट्रिममुळे एसएसडीला कळतं. ते कळलं नाही तर ती पुसलेल्या फाइलीही जपत बसते आणि लेखन हळूहळू मंदावतं. 'ऑप्टिमाइझ' बटण दाबा, काम होऊ द्या, पाच-दहा मिनिटं मशीन मोकळं सोडा.

मुख्य चाचणी

क्रिस्टलडिस्कमार्क उघडल्यावर वर चार पेट्या दिसतात. पहिलीत किती वेळा मोजायचं: ५ असू द्या. दुसरीत चाचणीच्या फाइलची साइज: १ जीबी असू द्या. तिसरीत कोणता ड्राइव्ह, चौथीत कोणत्या एककात आकडा हवा. या लेखातले वेगाचे आकडे सेकंदाला किती एमबी, असे आहेत. डावीकडे वर 'ऑल' बटण आहे, ते दाबलं की सगळं एकामागून एक होतं. मध्ये माउस हलवू नका, दुसरं काही उघडू नका. पाचपैकी सर्वांत चांगला निकाल तो दाखवतो, हे लक्षात असू द्या. रोजच्या वापरात त्याहून थोडं कमीच मिळेल.

सेटिंगमध्ये चाचणीचा डेटा 'रँडम' ठेवायचा. नुसत्या शून्यांचा पर्यायही तिथं असतो, पण काही जुने कंट्रोलर (एसएसडीचं काम चालवणारी चिप), विशेषतः सँडफोर्सचे, डेटा दाबून लहान करून लिहायचे. शून्यं दिली की ते फुगवलेला आकडा दाखवतात. आपले फोटो, व्हिडिओ, पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यांना तो वेग कधीच मिळत नाही. दुकानदार शून्यांच्या चाचणीचा फोटो दाखवत असेल तर रँडमवर परत चालवायला सांगा.

एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी, सॅटापेक्षा वेगवान पट्टी) असेल तर सेटिंगमध्ये तिच्यासाठी वेगळा पर्याय आहे. तो निवडला की मधल्या ओळी बदलतात. एक एसएसडी एका पर्यायावर आणि दुसरी दुसऱ्या पर्यायावर मोजून तुलना केली, तर ती तुलना निकामी.

ही चाचणी एसएसडीवर बरंच लिहिते. सॅटाच्या एसएसडीवर एका पूर्ण फेरीत तीसेक जीबी सहज जातात, वेगवान एनव्हीएमईवर त्याच्या कितीतरी पट. फेरीच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फोमधला एकूण लेखनाचा आकडा पाहिला की तुमच्या मशीनचा हिशेब तुम्हालाच मिळेल. घाबरायचं कारण नाही. किंग्स्टनच्या ए४०० मालिकेतल्या २४० जीबीच्या एसएसडीला कंपनी ८० टीबी लेखनाची मर्यादा सांगते, त्यात अशा अडीच हजारांवर फेऱ्या बसतील. पण रोज मौज म्हणून चालवायचं हे काम नाही. नवी घेतल्यावर एकदा, मग सहा महिन्यांनी, आणि मशीन मंद वाटलं तर.

चार ओळी, आणि त्यातली कामाची कोणती

निकालात चार ओळी आणि दोन रकाने येतात. डावा रकाना वाचनाचा, उजवा लेखनाचा.

वरची ओळ, 'सीक्वेन्शियल १ एम, क्यू ८', म्हणजे सलग मोठी फाइल, आणि एका वेळी आठ मागण्या रांगेत. डब्यावर छापलेला आकडा इथला असतो. दुसरी ओळ तशीच, पण एका वेळी एकच मागणी. मोठी फाइल कॉपी करताना याच्या आसपासचा वेग अनुभवाला येतो.

तिसरी 'रँडम ४ के, क्यू ३२': विखुरलेले ४ केबीचे तुकडे, बत्तीस मागण्या रांगेत. सर्व्हरवर अशी गर्दी असते, आपल्या टेबलावर क्वचितच.

चौथी ओळ, 'रँडम ४ के, क्यू १', सगळ्यात खाली असते आणि तिचा आकडा सगळ्यात लहान असतो, म्हणून लोक तिच्याकडे पाहतच नाहीत. माझ्या मते वाचायला सुरुवात तिच्यापासूनच करावी. विंडोज सुरू होणं, टॅली उघडणं, ब्राउझरमध्ये महाडीबीटीचं पान उघडं असताना बाजूला सातबाराची पीडीएफ उघडणं, हे सगळं लहान लहान विखुरलेल्या वाचनांचं काम आहे. एक तुकडा मागायचा, तो आला की दुसरा मागायचा.

हिशेब करून पाहू. चौथ्या ओळीत वाचनाला ४० एमबी आले, तर दर सेकंदाला ४ केबीचे सुमारे ९,७६५ तुकडे आले. म्हणजे एका तुकड्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका वेळ. आता मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क घ्या. तिची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलीसेकंदांहून थोडं जास्त लागतं. हेडचा हात योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलीसेकंद. सेकंदात पाऊणशे तुकडे जेमतेम, म्हणजे ०.३ एमबी. चाचणीची फाइल लहान असल्यामुळे हात फार सरकावा लागत नाही, म्हणून प्रोग्रामवर थोडं जास्त दिसतं, पण हार्ड डिस्कचा हा आकडा १ एमबीच्या आतच राहतो.

सलग वाचनात हार्ड डिस्क १०० आणि सॅटा एसएसडी ५५०, फरक पाच-साडेपाच पट. विखुरलेल्या वाचनात पन्नास-शंभर पट. जुनं मशीन एसएसडीनं नवं वाटतं ते या दुसऱ्या फरकामुळे. आणि म्हणूनच सॅटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर तसा चमत्कार दिसत नाही: सलग वेग ५५० वरून ३,५०० होतो, पण चौथी ओळ तीस-चाळीसवरून पन्नास-साठवर जाते. अर्ज भरणाऱ्या आणि बिलं काढणाऱ्या मशीनला साधी सॅटा एसएसडी पुरते, हे मी दरवेळी ग्राहकाला सांगतो.

चौथ्या ओळीत लेखनाचा आकडा वाचनापेक्षा दुप्पट-तिप्पट दिसला तर गोंधळू नका. लेखन आलं की एसएसडी ते आपल्या तात्पुरत्या जागेत घेऊन लगेच 'झालं' म्हणून कळवते. वाचताना मात्र तिला खऱ्या पेशीपर्यंत जावंच लागतं.

आकडा कुठं अडला आहे?

वरच्या ओळीतला वाचनाचा आकडा बहुतेक वेळा ठरावीक भिंतींशी येऊन थांबतो. भिंत ओळखली की दोष कुणाचा ते कळतं.

३५ ते ४० वर थांबला तर तुम्ही यूएसबी २ च्या पोर्टवर आहात. १३० च्या आसपास म्हणजे सॅटाची पहिली पिढी, फारच जुना बोर्ड. २७०-२८० म्हणजे सॅटाची दुसरी पिढी. ४०० ते ४५० हा यूएसबी ३ च्या ५ गिगाबिट जोडणीचा वेग. ५५०-५६० ही सॅटाच्या तिसऱ्या पिढीची भिंत: ६ गिगाबिटमधून संकेतनाचा भाग वजा जाता ६०० एमबी उरतात आणि देवाणघेवाणीच्या खर्चात आणखी थोडे जातात. याहून जास्त कोणतीच सॅटा एसएसडी देणार नाही, मग किंमत काहीही असो. १,७०० च्या जवळ थांबलेली एनव्हीएमई बहुधा दोनच लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉटमध्ये बसली आहे. ३,५०० म्हणजे पीसीआय एक्सप्रेस या एनव्हीएमईच्या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेन, ७,००० म्हणजे चौथ्या पिढीच्या चार.

आता सुरुवातीचा २७० चा प्रश्न. गावाकडे असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये इंटेलच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड अजून भरपूर आहेत. या चिपसेटला सॅटाची तिसरी पिढी मुळातच नाही, चारही पोर्ट ३ गिगाबिटचे. त्यात कोणतीही एसएसडी लावा, २७०-२८० च्या पुढे जाणार नाही. ती परत करायची गरज नाही, आणि महागाची घेण्यातही अर्थ नाही. चौथी ओळ मात्र या भिंतीच्या खूप खालीच असते, त्यामुळे रोजच्या कामात फार तोटा होत नाही. त्यानंतरच्या एच८१ बोर्डवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. इथं फक्त केबल दुसऱ्या पोर्टला लावून वेग दुप्पट होतो. पोर्टशेजारी बोर्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च लावून वाचा. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून एसएसडी बसवली असेल, तर काही मॉडेलांत ते पोर्टही जुन्या पिढीचं असतं. अशा वेळी एसएसडी मूळ जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत, अशी अदलाबदल करा.

दुसरी खूण तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या तुलनेत सापडते. तिसरी ओळ चौथीच्या कितीतरी पट मोठी असायला हवी. दोन्ही जवळपास सारख्या आल्या तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड 'आयडीई' वर आहे असं समजा. त्या मोडमध्ये मागण्यांची रांग लावताच येत नाही. मोड 'एएचसीआय' करायचा, पण थेट बदलाल तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनात 'सेफ बूट' वर खूण करा, मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज सुरू होऊ द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

फार जुन्या एक्सपीच्या डिस्कवरून क्लोन केलेल्या एसएसडीमध्ये पार्टिशनची सुरुवात ६३ व्या सेक्टरवर असते. ४ केबीच्या चौकटीशी ती जुळत नाही आणि प्रत्येक लहान लेखनाला दोन चौकटी हलवाव्या लागतात. एएस एसएसडी हा मोफत प्रोग्राम उघडला की वर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरात 'बॅड' असं दिसतं. सरळ उपाय म्हणजे डेटा काढून घेऊन, जुनं पार्टिशन पुसून कोरी विंडोज टाकणे.

एक सेटिंग मात्र वाढीव आकड्याच्या मोहानं कधीच चालू करू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या 'पॉलिसीज' मध्ये दोन चौकोन असतात. पहिला, राइट कॅशिंगचा, चालू असतो आणि राहू द्यावा. दुसरा 'टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग'. तो चालू करून काही व्हिडिओंमध्ये वेग वाढवून दाखवतात. त्याचा अर्थ, डेटा खरोखर एसएसडीत पक्का झाला का याची विंडोज खात्रीच करणार नाही. दिवसातून केव्हाही लाइट जाणाऱ्या गावात हे करणं म्हणजे वर्षभराची टॅलीची वही पणाला लावणं आहे.

लांब लेखनाची चाचणी

१ जीबीच्या चाचणीतून एक गोष्ट दिसतच नाही, आणि व्हिडिओचं काम करणाऱ्यांना नेमकी तीच लागते.

स्वस्त एसएसडीतल्या एका पेशीत तीन किंवा चार बिट ठेवलेले असतात, त्यांना टीएलसी आणि क्यूएलसी म्हणतात. असं दाटीचं लेखन मंद असतं. म्हणून एसएसडी रिकाम्या जागेचा काही भाग पेशीत एकच बिट ठेवून झपाट्यानं भरते आणि नंतर निवांतपणी तो डेटा दाटीनं रचते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात पहिल्या पन्नास गाड्या धडाधड खाली होतात. आवार भरलं की पुढची गाडी जिनच्या चालीनंच खाली होते, तसं हे आहे. आवार भरेपर्यंत ५०० एमबी, भरल्यावर क्यूएलसीच्या स्वस्त एसएसडीत शंभराच्याही खाली.

लग्नाची शूटिंग करणाऱ्यांचा हिशेब बघा. १०० मेगाबिटने फोर-के चित्रीकरण म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. हळद, लग्न, वरात धरून एका कॅमेऱ्याचे १५० जीबी सहज होतात. हा डेटा ४५० च्या वेगानं लिहिला गेला तर साडेपाच मिनिटं. तोच ६० च्या वेगानं गेला तर चाळीस मिनिटांच्या वर. दोन्ही एसएसडींचा १ जीबीचा निकाल मात्र सारखाच दिसू शकतो.

चाचणी अशी घ्या. एसएसडीवर निदान १०० जीबी मोकळे असू द्या. एचटूटेस्टडब्ल्यू उघडून भाषा इंग्रजी करा, ड्राइव्ह निवडा, आणि किती जागा भरायची ते सांगा, समजा ८० जीबी. 'राइट अँड व्हेरिफाय' दाबा. शेजारी टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा आलेख उघडा ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी लेखनाचा वेग वहीत लिहा. आलेख कुठं कोसळतो आणि कोसळल्यावर कुठं स्थिरावतो, हे दोन आकडे टिपायचे. स्थिरावलेला आकडा हाच मोठ्या कामातला खरा वेग. नुसती फाइल कॉपी करून हे मोजू नका. विंडोज आधी रॅममध्ये भरते आणि सुरुवातीला भलताच वेग दाखवते, शिवाय ज्या डिस्कवरून कॉपी करता ती मंद असेल तर तिचाच वेग मोजला जातो.

हीच चाचणी एसएसडी ८० टक्के भरलेली असताना घेतली तर आवार लवकर भरतं, कारण रिकामी जागाच कमी. म्हणून २४० जीबीच्या एसएसडीत चाळीस-पन्नास जीबी नेहमी मोकळे ठेवावेत असं मी सांगतो. दोन चाचण्यांमध्ये अर्धा तास मशीन सुरू ठेवून मोकळं सोडा, म्हणजे आतली मांडणी पूर्ण होईल. शेवटी एचटूटेस्टडब्ल्यूच्या १ जीबीच्या फाइली हातानं पुसा, तो प्रोग्राम स्वतः पुसत नाही.

उन्हाळ्यात

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात त्याहून वाईट. घरगुती एसएसडी साधारण ० ते ७० अंशांत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. सॅटाच्या एसएसडीला उष्णतेचा फारसा त्रास होत नाही. एनव्हीएमईचं तसं नाही, ती लहानशा पट्टीत जास्त वीज जाळते, आणि ठरावीक तापमानाला पोचली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते.

म्हणून एनव्हीएमई दोनदा मोजा: सकाळी सातला आणि दुपारी तीनला. दोन्ही वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो शेजारी उघडा ठेवून चाचणीच्या शेवटी तापमान लिहा. सकाळी ३,३०० आणि दुपारी १,५०० आले, आणि दुपारचं तापमान सत्तरच्या पुढे असेल, तर एसएसडी बिघडलेली नाही. थर्मल पॅडसह साधी अॅल्युमिनियमची हीटसिंक लावा, कॅबिनेटचा मागचा पंखा साफ करा. मशीन कूलरच्या थेट झोतासमोर ठेवू नका. त्या हवेतला ओलावा आणि धूळ मिळून बोर्डवर थर बसतो, एसएसडी थंड होईल पण बाकीचं जाईल. लॅपटॉप गादीवर ठेवून घेतलेली चाचणी तर मोजूच नका.

बाहेरून जोडलेली एसएसडी आणि लिनक्सचं मशीन

यूएसबी एन्क्लोजरमधली (एसएसडी बाहेरून जोडायच्या डबीतली) एसएसडी मोजताना कॅबिनेटच्या मागच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर अनेकदा हलकी असते. केबल आखूड आणि एन्क्लोजरसोबत आलेलीच वापरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' या नावानं दिसली तर नवी, वेगवान पद्धत चालू आहे. नुसतं 'यूएसबी मास स्टोरेज' दिसलं तर तिसरी ओळ कमी येणारच.

शाळेत उबुंटू असेल तर 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आधीच असतो. ड्राइव्ह निवडून मेनूतून बेंचमार्क उघडा, आणि डेटा असलेल्या ड्राइव्हवर लेखनाच्या चाचणीची खूण काढून फक्त वाचन मोजा. क्रिस्टलडिस्कमार्कसारख्याच चार ओळी हव्या असतील तर केडिस्कमार्क घ्या, तो आतून एफआयओ हे साधन चालवतो. विंडोजवरचे आणि लिनक्सवरचे आकडे एकमेकांशी ताडून वाद घालू नका, थोडा फरक राहतोच.

खोटी आणि वापरलेली एसएसडी

ऑनलाइन किंवा बाजारात '२ टीबी' ची एसएसडी भलत्याच स्वस्तात दिसली तर वेग नंतर, आधी क्षमता तपासा. अशा डब्यात कधी कधी साधं मेमरी कार्ड बसवलेलं निघतं. वर २ टीबी दिसतात, पण ठरावीक जागेनंतर लिहिलेलं सगळं हरवतं. क्रिस्टलडिस्कमार्कला हे कळत नाही, कारण त्याची १ जीबीची फाइल खऱ्या जागेत मावते. कोऱ्या ड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यूनं संपूर्ण जागा भरून पडताळणी करा. रात्रभर लागली तरी लागू द्या. 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' आलं नाही तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. लिनक्सवर हेच काम एफ३ करतो.

वापरलेली घेताना वेगाच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो बघा: तब्येतीचे टक्के, किती तास चालली, एकूण किती लिहिलं गेलं. कंपनीनं सांगितलेल्या लेखनमर्यादेशी शेवटचा आकडा ताडा. ८० टीबीच्या मर्यादेतले ७० वापरून झाले असतील तर वेग उत्तम असला तरी ती हिशेबाच्या मशीनला लावू नका.

वहीत काय लिहायचं

तारीख आणि वेळ, एसएसडीचं मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक, कोणत्या पोर्टला लावली, ट्रान्सफर मोड, किती टक्के भरलेली, आधीचं आणि नंतरचं तापमान, चारही ओळींचे दोन-दोन आकडे, आणि लांब लेखनाचा स्थिरावलेला वेग. सोबत निकालाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. सहा महिन्यांनी त्याच पोर्टवर, त्याच सेटिंगवर, साधारण तेवढीच भरलेली असताना पुन्हा मोजा. पाच-दहा टक्क्यांचा फरक कुठलाही अर्थ न काढता सोडून द्या. चौथ्या ओळीतलं वाचन अर्ध्यावर आलं असेल तर आधी ट्रिम, मग मोकळी जागा, मग केबल, या क्रमानं तपासा. केबल बदलून पाहायला सगळ्यात स्वस्त असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'सीआरसी एरर' (जोडणीतून जाताना डेटात झालेल्या चुका) चा आकडा वाढत असेल तर आधी तीच बदला. हे सगळं करूनही आकडा खालीच राहिला आणि तब्येतीचे टक्केही घसरत असतील, तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या आणि वहीतली पहिल्या दिवसाची नोंद, बिल आणि दोन्ही स्क्रीनशॉट घेऊन वॉरंटीसाठी जा.